भेगेवरची पट्टी

तिसरीच्या वर्गात, खिडकीच्या वर,
हलगेकर बाईंनी भेगेवर आडवी पट्टी चिकटवली
जुन्या उत्तरपत्रिकेची. पेनाने तारीख: चौदा जून.
फाटली, तर भिंत चालू लागली म्हणायची.

अर्ज तीन झाले.
पहिला मराठीत होता, खानापुरातूनच परत आला.
दुसऱ्यात बांधकामाचं साल
संगणकाच्या रकान्यात बसेना;
कोनशिलेवर मुंबई इलाखा कोरलेलं.
तिसरा बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याने
कन्नडात उतरवून दिला.
अंगडी इंजिनिअर आले, नखाने गिलावा खरवडला,
माती नखातच घेऊन गेले.

तोवर बाईंचा बंदोबस्त:
बाक भिंतीपासून चार हात आत.
तुळईला वाळवी, म्हणून घंटा चिंचेला.
कौलं शाकारायला कल्लाप्पा, मजुरी उधार.
आणि रोज प्रार्थनेआधी रेणुका स्टुलावर चढून बघते,
ओरडते, "हाय तशी हाय, बाई!"
मग हजेरीत पटाखाली एक ओळ:
हजर एकतीस, पट्टी अखंड.

ऑगस्टातल्या एका सोमवारी
रेणुका स्टुलावरून लवकर उतरलीच नाही.
वजाबाकीचं गणित होतं पट्टीवर,
हातचा एकीकडे, उत्तर दुसरीकडे,
मधून एक मुंगी आत चालली होती.

बाईंनी कुलूप लावलं. पोरं लक्ष्मीच्या देवळात बसवली.
अंगडींना फोन केला,
झेरॉक्सवाल्याने शिकवलेला शब्द आठवून:
बिरुकु.
पलीकडून मराठीत आलं,
"किती बोटं, बाई?"

बाईंनी कुलूप पुन्हा काढलं.
आत जाऊन, पहिल्यांदाच,
भेगेत बोट घातलं.