बारावा तुकडा

रात्रीचे पावणेबारा. टोलेडोत बर्फ पडतोय,
पार्किंगमध्ये माझ्या गाडीचं नुसतं टेंगूळ उरलंय.
व्हिडिओच्या खोलीत मी एकटी
टेव्हिअन ब्रूसार्डच्या चुका कापत बसले आहे.

अकरा हव्यात, डिफेन्सचे कोच म्हणाले.
उद्या आठला मीटिंग : ठेवायचा की सोडायचा.
अकरा जमवायला वेळ लागला नाही.
वेळ लागतो आहे त्या बघायला.

सेफ्टी खेळतो पोरगा. म्हणजे सगळ्यांच्या मागे उभा.
पुढचा चुकला तर मागे कोणीतरी असतं.
हा चुकला की मागे फक्त गवत,
गवतानंतर रेघ,
आणि रेघेपलीकडे साठ हजार माणसं,
तोंडात मावेल तेवढी शिवी घेऊन.

चौथा तुकडा : हूल. समोरच्यानं नुसता खांदा उडवला
आणि हा वाऱ्यावर.
सातवा : पाऊल बरोबर पडलं, अर्ध्या श्वासानं उशिरा.
नववा मी मागे फिरवते. चेंडू हवेतून उलटा येतो,
फेकणाऱ्याच्या मुठीत परत शिरतो,
आणि टेव्हिअन उलट्या पावलांनी धावत धावत
नेमका तिथे येऊन थांबतो
जिथून त्यानं हलायलाच नको होतं.

गल्लीतल्या खेळात एखादं कच्चं लिंबू असतं,
बाद झालं तरी बाद नसतं.
इथे लिंबाला पगार आहे, पाठीवर नंबर आहे,
कच्चेपणाचं कलम करारात नाही.
एकवीस वर्षांचा आहे. लुइझियानातल्या ओपेलूसासचा.
बर्फ पहिल्यांदा इथेच बघितला, नोव्हेंबरात,
आणि कोणी बघत नाही असं समजून चाखला.
(कॅमेरा चालू होता. तो तुकडा माझ्याकडे आहे.)

वेळ द्या, वेळ द्या, म्हणायला काय जातं?
वेळ आभाळातून पडत नाही,
कुणाच्या तरी खिशातून जातो.
यंदा तो कॉर्टलँड पीटच्या खिशातून चाललाय,
तेहेतीस वर्षांचा, गार पाण्याच्या टपात गुडघे बुडवून बसलेला.
त्याला अजून एक हंगाम हवा होता. एकच.
त्याचे तुकडे कापायला मला कोणी सांगितलं नाही.

मी नोकरीला लागले त्या वर्षी
चुकीचं बटण दाबून एका सामन्याचा अख्खा उत्तरार्ध पुसला होता.
तरी मला ठेवलं. का, ते सव्वीस वर्षांत विचारलं नाही.
'दुसरी कोणी मिळाली नाही' असं उत्तर आलं तर?

दीड वाजता मला एक जागा सापडते, सप्टेंबरमधली.
तिच्यात काहीच घडत नाही.
फेकणारा उजवीकडे बघतो. तिथे टेव्हिअन आहे.
नजर काढून घेतो, दुसरीकडे फेकतो, दोन यार्ड.
संपलं.
टाळी नाही, शिवी नाही, आकड्यांत रकाना नाही.
या कामात बरोबर असणं असंच दिसतं,
काही झालंच नाही असं.
मी तो बारावा म्हणून जोडते.
मग काढते.
मग परत जोडते, आणि दिवा मालवून
खुर्चीतच डोळे मिटते.

पहाटे पाचला दार वाजतं.
टोपीवर बर्फ, हातात दोन कॉफ्या.
"मिस वांडा, त्या रविवारचा तो लावता?"
कोणता, ते विचारावं लागत नाही.
तो खुर्चीच्या काठावर बसतो. चेंडू सुटतो.
टेबलाखाली त्याचं डावं पाऊल हलतं,
या वेळी जरासं आधी.
की मलाच तसं वाटलं.

"परत," तो म्हणतो.