पान चार

सांदुरला पोचलो तेव्हा तीन वाजताच काळोख.
सुन्वाच्या टेबलावर माझी पुस्तिका,
चौदा पानं, सगळी मीच लिहिलेली:
आधी जावा उतरवा, तीही अमुकच आवृत्ती,
मग पाथ लावा,
मग अकरा जार फाइली एका फोल्डरात,
नावात एका टिंबाची चूक नको.
चौथ्या पानावर तिची पेन्सिल थांबलेली:
"कुठे?"

एवढंच.
बाई बासष्टची. गावच्या साडेचारशे मेंढ्यांच्या
कानांच्या खुणा तिला तोंडपाठ,
आणि मी तिला फोनवर विचारलेलं,
क्लासपाथ साधा माहीत नाही?

जार फाइली म्हणजे लग्नातले मानकरी.
एकाला बोलवा, तो दोघांना घेऊन येणार,
तिसरा आवृत्ती जुनी म्हणून रुसून बसणार,
आणि त्यांचे रुसवे काढायला
मी उभं केलेलं नेमकं पाहुणीलाच.

रात्रभर तिच्या चुलीपाशी बसलो.
एक छोटी फाइल लिहिली: कोण हवं, कुठून आणायचं,
कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही,
सगळं तीच बघेल.
बाईसाठी उरली एक ओळ.

तिने ती एका बोटाने टाइप केली.
नेट हळू. मोज्याची अर्धी टाच विणून झाली.
मग पडद्यावर मेंढ्या, कानांसकट.

शाबासकी नाही. म्हणाली,
"म्हणजे हे तुला येत होतं."

निघताना पाहिलं, पुस्तिकेच्या पाठकोऱ्या पानांवर
लोकरीचा हिशेब सुरू झालेला.
फक्त चौथ्याच्या मागे
माझं नाव, फोन नंबर,
खाली दोन रेघा.