टोपीच्या काठाचे चौदा चौकोन

तक इन्बे गेले, तेव्हा पेपरात तीन ओळी आल्या.
त्यातली एक चुकीची.
जन्म मोक्पोचा नव्हे, गुन्सानचा,
बंदरामागच्या गल्लीतला,
जिथे बाप थिएटरचे फलक रंगवायचा
आणि प्रत्येक नटीचे ओठ जरा मोठेच काढायचा,
कारण लाल रंग उरायचा.

मी त्यांची वही.
म्हणजे माणूसच, नाव ओक बुन-रे,
पण सेटवर सगळे 'वही' अशीच हाक मारत.
कपात चहा किती उरला होता,
दार कुठल्या हाताने लोटलं,
गाठ डावीकडे की उजवीकडे,
एकोणतीस वर्षं मी हेच लिहीत आले.

चुंगमुरोत सात वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या खुर्च्या उचलल्या.
कोळशाच्या शेगडीवर शेवया शिजवायच्या,
पहिला वाडगा कॅमेरामनला,
तळाचा रस्सा स्वतःला.
आठव्या वर्षी खुर्ची मिळाली, तिचा एक पाय आखूड.
त्याखाली ते नाकारलेल्या पटकथेची पानं घालत.
"कुठेतरी टेकू झाली," म्हणत.

पहिला सिनेमा एवढाच:
एक बाई धक्क्यावर उभी राहते.
बोट येते. माणूस उतरत नाही.
सेन्सॉरच्या साहेबाने विचारलं, का उतरत नाही?
कुठे गेलाय? कुणी नेलाय?
इन्बे म्हणाले, साहेब, मलाही ठाऊक नाही.
साहेबाला ते पटलं नाही.
अकरा मिनिटं गेली.
आता बाई धक्क्यावर येते आणि लगेच घरी वळते,
जणू शेजारी मीठ मागायला गेली होती.
सिनेमा नऊ दिवस चालला.
दहाव्या दिवशी गुन्सानच्या फलकावरचे ओठ
पावसाने हनुवटीपर्यंत ओघळले.
बाप शिडीवर चढून पुसत राहिला म्हणे.

मग येओइदो. टीव्ही.
आठवड्यातून सहा सकाळी सासू, सून
आणि अंगणातली सोयाबीनच्या आंबवणाची मडकी.
जुने दोस्त म्हणाले, इन्बेने भांड्यांचं दुकान टाकलं.
ते हसले. पोरीची फी थकली होती.
पण मी वही. मला दिसायचं,
प्रत्येक भागात एकदा कुणीतरी दाराशी थांबायचं
आणि कुणीच यायचं नाही.
चार सेकंद, घड्याळ लावून.
संकलक कापायचा, हे पुन्हा जोडायला लावायचे.
एकशे पासष्टाव्या भागाला मी बेरीज केली.
अकरा मिनिटं भरली होती.
त्यांना बोलले नाही.
एकशे सहासष्टाव्या भागातही सून दाराशी थांबली.

म्हातारपणी सिनेमाच्या संग्रहालयाला
अचानक त्यांचा पहिला सिनेमा हवा झाला.
प्रत कुठली? त्या काळी जुनी रिळं वजनावर जायची,
गवती टोप्यांच्या काठाला पट्टी म्हणून गुंडाळायला.
उन्हात छान चमकायची.

संग्रहालयाची पोरगी, पियो हा-ग्योंग,
मिठागरातल्या कुणाच्या खुंटीवरून एक टोपी घेऊन आली.
काठावर पट्टी, तिच्यात चौदा चौकोन.
खिडकीशी धरले तर फळ्या, पाणी,
झग्याची कड, कमरेची गाठ.
चेहरा नाही.
"सर, हा तुमचाच का?"
ते बराच वेळ पाहत राहिले.
डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.
मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वही बघ."

मी पाहिलं.
माझ्या अक्षरात लिहिलं होतं: गाठ डावीकडे.
टोपीवर उजवीकडे होती.
फिल्म उलटी धरली की डाव्याचं उजवं होतं, खरंय.
पण टोपीवर ती कशी गुंडाळली होती, हे कोण सांगणार?
आणि त्या वर्षी धक्क्यावर उभ्या राहिलेल्या बायका
एकट्या आमच्याच सिनेमात थोड्याच होत्या!

"आपलाच," मी म्हटलं.

त्यांनी टोपी उचलली, डोक्यावर घातली,
म्हणाले, "उन्हाला बरी आहे,"
आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

घरी आल्यावर मी शेवटचं पान उघडलं.
नोंद: टोपी, डोक्यावर, किंचित तिरकी.
उजवीकडे.