बहर

तहसील कचेरीसमोर, झेरॉक्सच्या शेजारी माझं टेबल.
बावीस वर्षं दस्त लिहितो देवगडात.
लळितांचा दस्त म्हणजे, लोक म्हणतात,
थेंबभर पाणी न शिरणारं होडकं.

मंगळवारी एक पोरगा आला, विघ्नेश.
अख्खा हंगाम आंब्याच्या पेट्या भरून,
गवत अंथरून, खिळे ठोकून,
चार हजारांचा गेम घेतला होता त्याने.
गेममध्ये बेट होतं. दोन वर्षं खपून
त्याने तिथे जेटी बांधली, बत्ती उभारली,
शेजाऱ्यांना होड्या दिल्या. शेजारी म्हणजे
एक ब्राझीलचा, एक कुठलासा नागालँडचा.
सोमवारी रात्री बेट गेलं.
ना उधाण, ना वादळ.
पडद्यावर एक ओळ: ही सेवा आता उपलब्ध नाही.

"इकत घेतलंय मी, काका. भाड्यान नाय."

दस्त दाखव, म्हटलं.
त्याने मोबाईल पुढे केला.
मी सरकवत राहिलो. दोन चहा झाले,
मोजणी खात्याचा शिपाई जेवून परत आला,
तरी अटी उतरतच होत्या,
फोंडा घाटातल्या ट्रकांसारख्या, एकामागे एक.

बाहेर बटणावर: खरेदी करा.
आत, कलम चार: हा परवाना आहे, विक्री नव्हे.
कलम नऊ: केव्हाही, कारण न देता, रद्द.
कलम सतरा: तंटा झाल्यास कोर्ट अशा शहरात
की तिथली वेळसुद्धा आपल्या झोपेत येते.

आमच्याकडे कलम म्हणजे हापूसचं झाड.
त्याचाही बहर विकतात, बुंधा विकत नाहीत.
पण तो कागद एका पानाचा असतो,
पावसाआधी संपतो,
आणि बुंधा कोणाचा हे विचारलंत
तर व्यापारीच तुम्हाला वेड्यात काढेल.
त्याला खरेदी म्हणायची हिंमत
बागेत कोणाला झालेली नाही.

"तुझी सही कुठाय?"
त्याने अंगठा दाखवला.
"ह्याच्यान दाबलंय. सहमत."

अर्ज घेतला लिहायला. पूर्ण नाव?
विघ्नेश दिगंबर मालंडकर.
पेन थांबलं.
शेवंती मालंडकरीण तुझी कोण?
"आजी. गेली."

अठरा वर्षांमागे. कड्यावरची जागा, पुण्याची पार्टी.
पान सहा, खालून तिसरी ओळ:
सदर मिळकतीतून समुद्राकडे जाण्याची वहिवाट
यापुढे राहणार नाही.
ते वाक्य माझं. पक्कं वाक्य आहे.
अजून कोणाला फोडता आलेलं नाही.
शेवंती म्हणाली, वाचून दाखवा.
वाचलं. भरभर वाचलं,
साडेपाचची एसटी होती म्हणून,
असं मी मला सांगत आलोय.
अंगठा निळा झाला, तो तिने पदराला पुसला.
सुंगटं वाळवायचं खळं कुंपणापलीकडे राहिलं.
वाचून, समजून, राजीखुशीने,
हे शब्द तर छापीलच असतात.

विघ्नेशचा अर्ज मी मोठ्या अक्षरात लिहिला.
प्रति, ग्राहक आयोग, ओरोस.
बटणावरचा शब्द एक, आतला दुसरा,
हे पहिल्याच परिच्छेदात घेतलं.
मग सवयीने चतुःसीमा विचारली.
पूर्वेस पाणी. पश्चिमेस पाणी.
उत्तरेस ब्राझीलवाल्याची जेटी.
दक्षिणेस
तो जरा वेळ गप्प राहिला.
"बत्ती. पेटती होती, काका,
त्येंनी बंद केल्यानी तेवा."
लिहिलं तसंच. आयोग हसला तर हसू दे.

जिंकणार काय, विचारलं त्याने.
माहीत नाही, म्हटलं.
पैसे काढले, ते खिशात घालायला लावले.
तो सही करायला वाकला
तर मी कागदावर हात ठेवला.
आधी वाच. सगळं वाच.

त्याने घड्याळाकडे बघितलं.
समोर कचेरीचं शटर खाली येत होतं,
एसटी स्टँडवर कोणी तरी गाडी पुकारत होतं.
"वाच तू," म्हटलं. "माका घाई नाय."