कारणाचा रकाना

पथकाची वही माझ्याकडे असते,
कारण पतपेढीत चोवीस वर्षं
मी दुसऱ्यांचे हिशेब लावले.
तारीख, वेळ, जागा, किती जण आले,
किती झोडपणी नेली, किती परत आणली.
शेवटचा रकाना : कारण.

झोडपणं म्हणजे बांबूच्या टोकाला टायरची जीभ.
वागळे इस्टेटचा दिलावर पंक्चरवाला फुकट करून देतो,
वर म्हणतो, घोडबंदरच्या डांबरावर पोळलेलं रबर आहे,
बिनधास्त मारा.
मारायचं मात्र नसतं.
पहिल्याच रविवारी सुकऱ्याने सांगितलं :
मारलं की ठिणगी उडते, पुढच्या गवतावर बसते.
दाबायचं. झोपलेल्या पोरावर
गोधडी दाबतो तसं.

सुकऱ्याचं आडनाव बरफ.
दर वर्षी नवीन आलेलं कुणीतरी त्यावर हसतं.
तोही हसतो,
पहिल्यांदाच ऐकल्यासारखा.

खरं काम पौषातच होऊन जातं.
येऊरच्या उतारावर पाचोळा ओढत
जाळरेषा काढायची, दोन हात रुंद,
कंबर मोडेपर्यंत.
परेरा मास्तर गुडघ्यांना शिव्या देत येतात,
अश्लेषा परीक्षेची टिपणं खिशात घालून येते,
बुटांच्या वर्गणीवरून दर वेळी भांडण होतं.
आग नसते. बघायला कुणी नसतं.

त्या शुक्रवारी फोन आला पावणेदहाला.
उपवनच्या काठावर फिरणाऱ्या कुणाला
डोंगरावर सोन्याची साखळी दिसली होती.
छान दिसते म्हणे.
खालून.

वर गेल्यावर साखळी नसते.
कारवीच्या काड्या तडतडतात,
बांबूची पेरं फुटतात,
आणि आपलाच श्वास शेजारच्याचा वाटतो.
सुकऱ्या ओरडत होता, वाऱ्याकडे पाठ, वाऱ्याकडे पाठ,
मास्तर खोकत होते, तरी ओळ सोडत नव्हते.
मी दाबत होते.
माझ्या पुढ्यातलं हातभर गवत,
मग त्याच्या पुढचं हातभर.
याहून मोठं मला काही दिसलं नाही.

अडीचला शेवटच्या ओंडक्यावर माती लोटली.
तळहाताची उलटी बाजू टेकवून पाहिली;
तेव्हाच विझलं म्हणायचं.

मग सुरुवात शोधायची, हाही नियम.
टॉर्च फिरत फिरत मोहापाशी थांबला.
बुंध्याभोवती गोल काळं,
नीट, आखून घेतल्यासारखं.
पहाटे पडणारी फुलं पाचोळ्यात हरवू नयेत
म्हणून जाळतात तसं.
गोलाच्या एका बाजूने वारा आत शिरला असणार.

पाठीमागून एक म्हातारी आली, डोक्यावर हंडा.
लुगड्याचा काठ करपलेला,
हातात करंजाची फांदी, पानं उकडून लोंबलेली.
आमच्या आधी ती एकटीच दाबत होती, किती वेळ
कोण जाणे.
तिने पाणी दिलं. चौदा जणांना एकच तांब्या.
सुकऱ्याने तिच्या हातून हंडा घेतला
आणि म्हणाला, बस, आते.

वही उघडली.
जागा : मोहाच्या वरचा उतार, ओहोळाच्या अलीकडे.
हजर : चौदा.
सुकऱ्या वहीकडे बघत नव्हता,
पूर्ण मान फिरवून बघत नव्हता.
चोवीस वर्षांत एक पैसा मी
इकडचा तिकडे लिहिलेला नाही.
चौदा खोडून पंधरा केले.
नाव विचारलं. सोनी, म्हणाली. सही येत नाही.
अंगठ्याला शाई लागली नाही,
होतं तेवढं काळं पुरलं.

शेवटचा रकाना राहिला.
टोपण लावलेलं पेन हातात, आणि वरून
मोहाची फुलं पडायला लागली होती,
एक, मग बराच वेळ काही नाही, मग दोन,
गरम राखेवर.
वेचायला ती वाकली नाही.

वहीची प्रत वनखात्याकडे जाते,
दर सोमवारी.
आज शनिवार.