इतर

नाव शिवानंद लोकरी. बी.कॉम. दुसरं वर्ष, एक विषय राहिलेला.
जागा: उजवी बगल.
वय वीस. क्लबला सतराचे हवे असतात,
वीस म्हणजे कालची भाकरी.

तीस मीटर: चार पूर्णांक दोन.
घड्याळ माझं, अंगठाही माझाच,
म्हणून परत पळवला. चार पूर्णांक एक.
लिहिताना पहिलाच आकडा घातला,
असल्या कागदावर उधारी नको.

डावा पाय: आहे. एवढंच.
हेडर: उडी बरी, पण डोळे मिटतो.
उजवा गुडघा: जिना उतरताना वाजतो.
हे त्याने सांगितलं नाही,
मी त्याच्यामागून कॉलेजचा जिना उतरलो.

मित्र त्याला शिव्या म्हणतात.
खानापूरच्या बॅकने तीनदा पोटरीवर लाथ घातली,
हा उठला, मोजा वर ओढला, एकही दिली नाही.
स्वभावाच्या रकान्यात याला
गुण म्हणायचं की ताप,
ते बंगळूरला बसणारे ठरवतील.

मग अडतिसाव्या मिनिटाला
पार आमच्या गोलासमोरून कुणीतरी
चेंडू भिरकावला, उंच, आंधळा,
आणि हा पाठ करून पळतच राहिला.
दुसऱ्या गेटावर मालगाडी शिट्टी देत होती,
लेले मैदानाच्या कठड्यावर पोरं बोंबलत होती
दोन्ही भाषांत,
आणि याने मान म्हणून वळवली नाही.
चेंडू त्याच्या खांद्यावरून खाली आला,
पायावर टेकला,
आवाज झाला नाही.

पुढे बाहेर मारला.
त्याचा रकाना आहे. भरला.

मध्यंतरात विचारलं,
मागे न बघता कळतं कसं रे तुला?
"बघत न्हाई सर. ऐकूलालतो."

वडगावात घर. खालच्या खोलीत सहा माग.
बाप दुपारी आडवा झाला की
हा मागांकडे पाठ करून गणितं सोडवायचा.
सहांच्या खडखडाटात
एका मागाचा एक धागा तुटला
की आवाज बदलतो म्हणे.
"बदलतो म्हणजे?"
"बदलतोय की. तुमास्नी न्हाई कळायचं."
आता माग दोनच आहेत, चार भंगारात गेले,
किलोवर.
कान अजून सहांचे.

माझ्यावरही एकाने लिहिलं होतं,
नव्वद साली, कॅम्पातल्या मैदानावर,
गॉगल न काढता:
अंगाने बारीक.
पुढे मी एकतीस वर्षं पोस्टात शिक्के मारले,
पोट सुटलं, डॉक्टर रोज चालायला सांगतो.
कुठल्यातरी फायलीत मी अजून बारीक असेन.

फॉर्मला चौदा रकाने.
उंची, वजन, दमसास, दातसुद्धा. कान नाही.
तळाला 'इतर' म्हणून बोटभर जागा.
तिथे मी लिहिलं: ऐकतो.
मग वाटलं, बंगळूरचा माणूस म्हणेल
आज्ञाधारक आहे.
खोडलं. लिहिलं: मागून आलेला चेंडू
न बघता घेतो, कारण —
आणि बोट संपलं.

उजेड जाताना तो शंकू गोळा करून आला,
एकात एक घातलेले, काखेत.
"सर, नाव तेवढं नीट घाला.
आधारवर एक हाय, मार्कशीटवर दुसरं,
रेशनकार्डात कानडीतनं लोकरे करून ठेवल्यात."
"बरोबर कुठलं?"

थांबला.
मैदानात याला एवढा वेळ कधी लागला नव्हता.
मग माझ्या खिशातलं पेन मागून घेतलं,
गुडघ्यावर कागद ठेवला, तोच, वाजणारा,
आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत
स्वतःच लिहिलं.
डाव्या हाताने.

तो गेल्यावर मी वर गेलो, पाचव्या ओळीशी,
आणि 'एवढंच' तेवढं खोडलं.