रुंद फट

डबीत अकरा बिटं आहेत,
प्रत्येकाच्या गळ्यात प्लास्टिकची कडी,
लाल, पिवळी, एक पोपटी.
रंगांना अर्थ असेल असं वाटलं होतं. नाही.
दहा अंशांचं, तिसाचं, साठाचं
भिंग लावूनच ओळखायचं.

फेरीतून उतरून फर्मिनो आला होता चोडणहून.
रायबंदरात आमच्या पायरीवर चिखलाचे पाय सोडून बसला.
मानशीच्या दारात रात्री लाकूड अडकतं,
भरती खाजनात शिरते, आम्ही आपले घोरत.
फोन वाजेल असं कायतरी कर गो बाय.
पैसे मासळीच्या लिलावानंतर.

तो गेला आणि मला हौस आली.
दहा अंशांचं लावलं.
नोक केसाहून बारीक, रेघा त्याहून देखण्या.
तांबं तर केवढं, पस्तीस मायक्रॉन,
पण खाली काचेचे धागे असतात
आणि ते कुणाची भीड ठेवत नाहीत.
चौथ्या वळणावर टिक.
मशीनला कळलंही नाही.
बोडक्या दांड्याने ते हवेत सर्किट काढत राहिलं,
अगदी मन लावून, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत.

तिसाचं लावलं. टेबल डावीकडे कागदभर खाली,
तिथे तांबं नुसतं ओरखडलं.
मग रागाने कणसासारख्या दातांचं,
जे खरं तर कडा कापायला आणलेलं:
तांब्याला लव फुटली.
पांढरी धूळ, तोंडाला मास्क, रात्रीचे दोन,
व्हॅक्यूमचं नळकांडं एका हातात
आणि खिडकीत मांडवीचा खारा वारा.

तेव्हा त्याने ठेवलेली जुनी पेटी उघडली,
बाजारातून आणलेली, दोन पावसाळ्यांत मेलेली.
आतला बोर्ड सुरेख. रेघेला रेघ लगटलेली.
मधल्या फटींत हिरवा कळंक,
तांब्याच्या भांड्यात ताक राहिल्यासारखा.
मिठाने आपापले पूल बांधून घेतले होते.

फर्मिनो बोलता बोलता म्हणाला होता,
बारीक बांध दिसायला बरा,
खेकड्यांनाही तोच आवडतो.
मी तेव्हा मान डोलावली, ऐकलं आत्ता.

डबीच्या तळाशी एक होतं,
सपाट तळाचं, आठ दशांशाचं, बिनकडीचं,
माठ म्हणून कधी न वापरलेलं.
निम्म्या रेघा खोडल्या. उरलेल्या दूर दूर नेल्या.
वेग उतरवला, इतका की मधे भात लावता आला.
चकचक नाही, टिक नाही,
एकसुरी घर्रघर्र, आणि तांब्याची बेटं
हळूहळू एकमेकांपासून सुटी होत गेली.
मीटरची टोकं दोन बेटांवर ठेवली.
गप्प.

रविवारी मिसानंतर फर्मिनो आला.
बोर्ड उन्हात धरला, अंगठ्याने चाचपला.
"पोरांनी केल्यासारखं दिसतंय," म्हणाला,
आणि सरळ खिशात टाकला,
जिथे चाव्या होत्या, सुटे पैसे
आणि सुक्या सुंगटाचं एक डोकं.

अरे थांब! वार्निश राहिलंय!
फेरीचा भोंगा झाला होता.